गोळा पुसला नाही

लोटन, तुझ्या चार वह्या माझ्यासमोर आहेत आणि मला तुझा राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना भाऊ नव्हता त्यांनी म्हणावं. तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सुमननं ट्रंकेतून या वह्या काढून माझ्या हातात दिल्या. "ताई, या तुम्ही लई जा. यास्मा निस्ता आकडा शेतस, माले काय समजस?" बिचारी. नवऱ्याची आठवण म्हणून नणंदेला काहीतरी द्यावं एवढंच तिच्या मनात होतं.

तिला काय माहीत तिनं माझ्या हातात काय दिलं ते.

तुला आयुष्यभर 'मेल्या' म्हणायची माझी सवय. मेल्या, कार्ड नीट धर. मेल्या, पाय धुऊन ये. आता तो शब्द ओठावर येतो आणि मी तो गिळते. पण वह्या वाचल्यापासून दोनदा तोंडातून निघाला. एकदा तर मोठ्यानं. सुमन स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

आठवतं ना, गावाबाहेरच्या शेतीफार्मवर तो काचेचा गोळा आला तेव्हाचं? मोठ्या मोसंबीएवढा, भरीव, स्वच्छ. त्याच्या मागे पितळी वाटी आणि वाटीच्या खाचेत निळसर कार्ड. ऊन पडलं की गोळा ते एका ठिपक्यात एकवटतो, ठिपका कार्ड जाळतो, सूर्य सरकेल तशी जळकी रेघ सरकत जाते. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी सूर्य बुडाला की जुनं कार्ड काढायचं, नवं घालायचं, आणि सकाळी ऊन यायच्या आत मऊ फडक्यानं गोळा पुसायचा. हे तुझं काम. खानदेशात हवेत माती किती उडते ते काय सांगायचं, एक दिवस पुसला नाही तर गोळ्यावर पिठी बसते. लोणखेड्याचा एक म्हातारा तुला विचारून गेला होता, "भाऊ, तुन्हा गोया पानी पाडस का?" तू त्याला म्हणालास, "नही बाबा, गोया फक्त देखस." ते ऐकून मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

माझं खूळ त्याच्याही आधीचं. मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारी बाई, लग्नाचं वय मॅट्रिक आणि ट्रेनिंगमध्ये घालवलेलं, आणि हातात एका म्हाताऱ्या सर्व्हेअरकडून मिळालेली जुनी दुर्बीण. मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, फटीतून दुर्बीण सूर्याकडे रोखायची आणि तिच्यातून येणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. भाकरीएवढा सूर्य. त्यावर डाग. तू दोन्ही हातांनी कागद धरायचास आणि मी पेन्सिलीनं डाग काढायची. तुझा हात कधी हलला नाही. छप्पन-सत्तावन साली तर डागांचा नुसता बाजार भरला होता सूर्यावर. मी मोजून दमायची आणि तू म्हणायचास, "ताई, याले कांजण्या व्हयन्यात."

तिथूनच आपला वाद सुरू झाला. मी म्हटलं, डाग वाढतात, कमी होतात, तसा सूर्याचा उजेडही कमीजास्त होत असणार. सगळे तो कायम धरून चालतात. वारा, ढग, समुद्र, पाऊस, सगळं त्या उजेडावर चालतं, आणि तोच किती आहे ते कुणी दरवर्षी मोजत नाही. चुलीचा जाळ किती ते बघायचं नाही आणि भाकरी का करपली म्हणून पिठात कारण शोधायचं, असलं हे. तू पितळी वाटी घासत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "चूल तीच शे ताई. मधला तवा बदलस." म्हणजे मधली हवा, धूळ, ढग. मी म्हटलं, सिद्ध करून दाखवते. तू म्हणालास, "दाखाड."

गोळा उन्हाचे तास मोजतो, ताकद मोजत नाही, हे तूच मला शिकवलंस. पण मी एक युक्ती काढली. जिथं ढगाचा ठिपका नाही अशा दिवशी, ऐन दुपारी, जळकी रेघ किती रुंद होते ते बघायचं. ऊन कडक तर रेघ रुंद, मऊ तर बारीक. आणि दरवर्षी त्याच तारखांना बघायचं, म्हणजे सूर्याच्या उंचीचा प्रश्न नको. एप्रिलच्या शेवटच्या दहा तारखा धरल्या. आपल्याकडे त्या दिवसांत आकाश धुतल्यासारखं असतं, आणि लगेच आखाजी येते, पंचांगातली अक्षय्य तृतीया. कार्डं पुण्याच्या हवामान खात्याकडे पाठवायची असत, पण त्याआधी चार दिवस ती तुझ्याकडे असत. इतर बायकांचे भाऊ आखाजीला बहिणीला माहेरी न्यायला येतात, साडी आणतात. माझा भाऊ रुमालात बांधलेली दहा कार्डं आणायचा. मी भिंग घ्यायची, कंपासपेटीतला डिव्हायडर घ्यायची आणि मोजत बसायची. तू ओट्यावर आंबा चोखत बसायचास. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या सणानं दिलं नाही, हे आता लिहितानाही खोटं वाटत नाही.

डागांच्या वर्षांत रेघा रुंद आल्या. पुढची दोन-तीन वर्षं मागेपुढे, काही कळेना. मी म्हटलं, थांबू. डाग ओसरू देत. ओसरले. एकसष्ट गेलं, बासष्टची आखाजी आली. सूर्यावर बोटांवर मोजण्याएवढे डाग. तू रुमाल सोडलास, मी भिंग लावलं. रेघा होत्या तेवढ्याच रुंद. दहाच्या दहा.

त्या दिवशी मी जेवले नाही. ओट्यावर तुझ्यासमोर रडले. लहानपणी विहिरीच्या काठावर पडून हात मोडला होता तेव्हाही तुझ्यासमोर रडले नव्हते. मी म्हणाले, "सगळी वर्षं पाण्यात गेली रे. ना संसार केला, ना हे जमलं." तू "मी म्हटलं व्हतं" असं म्हणाला नाहीस. एवढंच म्हणालास, "रडू नको वं ताई. आजून एक साल देखू."

अजून एक साल! त्रेसष्टच्या आखाजीला तू रुमाल सोडलास आणि रेघा बारीक. मी भिंग दोनदा पुसलं. डिव्हायडर बदलला. बारीकच. मी उठून तुझ्या पाठीत धपाटा घातला, आठवतंय? त्या दिवशी मी खापरावर पुरणाचे मांडे केले, हात भाजेपर्यंत केले. तू तीन खाल्लेस. तीन, लोटन! वर आमरस मागून घेतलास. चौसष्टला रेघा आणखी बारीक आल्या. मी आलेख काढला, एका बाजूला डाग, दुसऱ्या बाजूला रेघा, दोन्ही हातात हात घालून उतरतायत. हिवाळ्यात तो कागद पुण्याला हवामानाचं गणित करणाऱ्या एका साहेबांना पाठवला.

त्यांचं उत्तर तूच मला वाचून दाखवलंस. माझा चष्मा सापडत नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की परदेशात आता मोठ्या गणकयंत्रांवर सगळ्या पृथ्वीच्या हवेचं गणित मांडतात, पुढे ऊन-पाऊस कसा राहील ते काढायला बघतात, आणि त्या गणिताच्या पहिल्याच ओळीत सूर्याच्या उजेडाचा आकडा असतो. तो सगळे कायम धरतात, कारण तो हलतो असा भरवशाचा पुरावा कुणाकडे नाही. तुमच्या रेघा खऱ्या असतील तर पहिली ओळच बदलावी लागेल. जूनमधल्या बैठकीत मी हे वाचून दाखवणार आहे. तू हे सगळं वाचलंस, घडी घातलीस, पाकीट माझ्या हातात दिलंस. म्हणालास, "व्हयनं ना तुन्हं काम?" तुझा आवाज जरा बसला होता. मला वाटलं, भाऊ गहिवरला.

आता वही वाचून दाखवते, त्रेसष्ट सालची. तुझंच अक्षर, तुझंच ते कोरडं, सरकारी मराठी.

'२१ एप्रिल. आकाश निरभ्र. गोळा पुसला नाही.'

'२२ एप्रिल. आकाश निरभ्र. गोळा पुसला नाही. धूळ दिसते.'

असे दहा दिवस. मग: 'आखाजी. ताईने मांडे केले. ताई हसली. गोळा आज पुसला.'

पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फक्त पुसणं आणखी आठवडाभर आधी थांबवलेलं. फार्मच्या रजिस्टरात यातलं अवाक्षर नाही. ते मी जाऊन बघितलं. तिथं सगळं नियमाप्रमाणे. पण स्वतःच्या वहीत तू लबाडीसुद्धा तारीखवार मांडून ठेवलीस. जे झालं ते लिहायचं, ही तुझी सवय, ती तुला या कामातही सोडवली नाही. अरे, चोरी करायची तर निदान चोरासारखी करावी!

केसानं गळा कापलास तू माझा. एका फडक्यानं. न फिरवलेल्या फडक्यानं.

मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? कागद धर, हलू नकोस, एवढंच. जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेतला असता, माझ्या डोळ्यांवर घेतला, डिव्हायडरवर घेतला. तुझ्यावर घेतला नाही. आणि तू काय ठरवलंस? की ताईला खरं झेपणार नाही. ताईला बारीक रेघ दिली की ताई हसते, जेवते, पुन्हा शाळेत जाते. लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी तू मला सूर्याची रेघ दिलीस. माझ्या आयुष्यातलं एकच काम मी मोठ्या माणसासारखं केलं होतं, तिथंच तू मला लहान केलंस.

आणि तू वाद जिंकला होतास! हे मला सर्वांत जास्त लागतंय. बासष्ट सालीच जिंकला होतास. तुझ्या वहीतून न पुसलेले दिवस वजा केले, राहिलेले धरले, तर डाग असोत नसोत, रेघ तेवढीच. चूल तीच, तवा बदलतो. म्हणजे सूर्य बदलतच नाही असं नाही. बदलत असेलही, पण इतका थोडा की आपल्या काचेला आणि आपल्या कार्डाला ते कळायचं नाही. आता रॉकेटं वर जातायत. उद्या कुणीतरी धुळीच्या आणि हवेच्या वर यंत्र ठेवील आणि नीट मोजील. ते त्याचं काम. माझ्या हाताला एवढंच खरं लागलं होतं की इथून मोजता येत नाही. तेही उत्तरच होतं, लोटन. लहान, पण माझं. ते तू माझ्याकडून काढून घेतलंस आणि मला न विचारता हरून बसलास.

एक गोष्ट माझ्याही पदरात आहे, ती लिहिते, नाहीतर तू वर बसून हसशील. वर्गात पोरी प्रयोग करतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, काच पुसली का? तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना विचारते. बारीक रेघा आल्या तेव्हा तुला मात्र विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही. मांडे करायची घाई होती मला. तरी सांगते, माझं न विचारणं आणि तुझं न पुसणं यांचं वजन सारखं नाही. तू जाणूनबुजून केलंस.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात तू दोन दिवस शुद्धीवर होतास. मी उशाशी बसले होते. सुमन डबा धुवायला गेली होती, खोलीत आपण दोघंच. सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "ताई, गोया पुशी लेजो." मला वाटलं, तापात याला ड्यूटी आठवतेय. मी म्हटलं, पुसते रे बाबा, तू पड. तू माझ्याकडे बघत राहिलास. मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली. आता तो क्षण मी रोज दहा वेळा आठवते आणि दर वेळी तुला हलवून विचारते, पुढचं बोल ना. तिथं का थांबलास?

पण तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. नवा माणूस नेमेपर्यंत कार्डं बदलाल का, असं फार्मच्या साहेबांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. वह्या हातात यायच्या आधीपासून रोज सकाळी शाळेआधी चालत जाते, तुझ्या खुंटीवरचं तुझंच फडकं घेते आणि गोळा पुसते. ऊन यायच्या आत. संध्याकाळी कार्ड काढते. तिथं खोलीत तुझा फोटो लावायचा चाललाय. बारा वर्षांत ज्याच्या नोंदीत एक चूक नाही असा निरीक्षक, असं खाली लिहिणार आहेत. साहेबांनी मला मजकूर दाखवला, शुद्धलेखन तपासायला.

काल सुमनला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "झाकेल ऱ्हाऊ द्या ना ताई. तो गया. आते कोनले काय फरक पडस?" तिला वाईट म्हणत नाही. तिला तो फोटो हवाय, तिच्याकडे आता दुसरं काय आहे? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि मला सोपी वाट होतीच. पुण्याच्या साहेबांना लिहायचं, मोजण्यात माझी चूक झाली, कागद परत पाठवा. तुझं नाव राहिलं असतं. रात्रभर तेच घोळत होतं. म्हणजे तू माझ्यासाठी खोटं करायचं आणि मी तुझ्यासाठी. या घरात सूर्याशी खरं कुणी वागायचंच नाही का? उद्या त्या गणकयंत्रावर कुणी माझी रेघ घालील, पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस काढील, सूर्य मंदावतोय म्हणून सांगील, आणि खरं कारण काय, तर एका भावाला बहिणीचं रडणं बघवलं नाही. नाही. हे मला करता येणार नाही.

आज सकाळी पत्र टाकलं. लिहिलंय ते तुलाही सांगते, तुझ्या पाठीमागे मी काही करत नाही. 'माझा कागद बैठकीत वाचू नये. त्रेसष्ट आणि चौसष्टच्या रेघा सूर्यामुळे बारीक नाहीत. त्या दिवसांत गोळा पुसलेला नव्हता. न पुसलेल्या दिवसांची यादी सोबत आहे. ती निरीक्षकानं स्वतः ठेवली होती. निरीक्षक माझा भाऊ.' फार्मच्या साहेबांना त्याची नक्कल दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. फोटो लावायचा का ते वरच्यांना विचारतो म्हणाले. मी म्हटलं, लावा, खालचा मजकूर तेवढा बदला. बारा वर्षांचा निरीक्षक, एवढं पुरे.

आज आखाजी आहे. सुमननं तुझ्या नावानं घागर भरली, वर खरबूज ठेवलं. माझ्याशी ती बोलत नाहीये. बोलेल. घरात गोडधोड नाही, कागद धरायला कुणी नाही, म्हणून सकाळी दुर्बिणीखाली पाटावर कागद टाचण्यांनी टोचून बसवला. सूर्य कोरा. एकही डाग नाही. मग तुझ्या रुमालात मीच बांधून आणलेली दहा कार्डं सोडली, मीच पुसलेल्या गोळ्याची, आणि भिंग लावलं. प्रत्येक कार्ड तीनदा मोजलं.

रेघ रुंद आहे, लोटन. सत्तावन सालाएवढीच. दहाच्या दहा.

कार्डं घागरीपाशी ठेवली आहेत. उद्या पुण्याला पाठवायची आहेत, तोवर बघून घे. तू जिंकलास. त्या वर्षी ओट्यावर हे माझ्या तोंडावर म्हणाला असतास तर मी दोन दिवस रडले असते, आणि तिसऱ्या दिवशी उठून मांडे केले असते. तुला तीनच्या जागी चार वाढले असते, मेल्या.